कारखान्याचा वार्षिक अहवाल कसा वाचावा : टाटांच्या पोलाद कारखान्याच्या आधारे एक पाठ

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, देणगीदारांची नामावली व आशीर्वादपर संदेश यांबरोबर एखादा उपयुक्त अभ्यासलेख असावा, अशी आपल्याकडे चाल आहे. त्या चालीस अनुसरून येथे एक व्यवहारातला विषय घेतला आहे. मोठ्या कारखान्याचा वार्षिक अहवाल सामान्य गृहस्थाने व गृहिणीने कसा वाचावा, हा तो विषय होय.

हा विषय रूक्ष वाटेल, पण आपल्या घरांशी त्याचा संबंध निकटचा आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेले कंपन्यांचे भाग आहेत. कित्येक वडीलधाऱ्या स्त्रियांच्या वर्षाच्या औषधपाण्याचा खर्च त्या लाभांशावर चालतो. आपली मुले-मुली कारखान्यांत नोकऱ्या करतात. शिवाय आपल्यासारख्या धर्मादाय संस्थांना कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून साहाय्य मिळू शकते. असे असूनही कंपनीचा अहवाल आला की आपण लाभांशाचा आकडा पाहतो, अध्यक्षांचे छायाचित्र पाहतो आणि तो बाजूला ठेवतो. हल्ली तर तो कागदावर न येता संगणकावर येतो, म्हणून बाजूला ठेवण्याचेही श्रम उरलेले नाहीत.

एखादे ठोस उदाहरण घेतल्यावाचून असा विषय समजत नाही. म्हणून टाटा स्टील ही कंपनी निवडली आहे. तिची निवड करण्यास आणखी एक कारण आहे आणि ते ग्वाल्हेरकरांस प्रिय वाटेल.

ग्वाल्हेरचे कर्जरोखे

टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी २६ ऑगस्ट १९०७ रोजी मुंबईस झाली. तत्पूर्वी जमशेटजी टाटा १९०४ मध्ये दिवंगत झाले होते. त्यांचे पुत्र दोराबजी यांनी लंडनच्या पेढ्यांकडून भांडवल उभारण्याचा यत्न केला, तो सिद्धीस गेला नाही. तेव्हा स्वदेशीच्या लाटेत त्यांनी हिंदी जनतेलाच आवाहन केले. तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार हिंदी लोकांनी मिळून २ कोटी ३२ लक्ष रुपयांच्या आसपास भांडवल भरून दिले. पुढे खेळत्या भांडवलासाठी ४ लक्ष पौंडांचे कर्जरोखे काढावे लागले, ते सर्वच्या सर्व ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी एकट्यांनी घेतले. साकची या खेड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या त्या कारखान्यात १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलादाची पहिली लगड तयार झाली. या साकचीचेच पुढे जमशेदपूर झाले.

या इतिहासातच आपल्या पाठाचा पहिला मुद्दा आहे. ८ हजार लोकांनी घेतले ते भाग आणि महाराजांनी घेतले ते कर्जरोखे. भाग घेणारा हा कारखान्याचा मालक होय. नफा झाला तर त्याला वाटा मिळतो, न झाल्यास काही मिळत नाही. कर्जरोखा घेणारा हा सावकार होय. नफा होवो वा न होवो, त्याचे व्याज चुकवावेच लागते. कारखान्याचे सारे हिशेब या दोन पक्षांस समोर ठेवून मांडलेले असतात. आपण यांपैकी कोण आहोत हे ओळखूनच अहवाल वाचावयास बसावे.

अहवालात काय काय असते

मोठ्या कंपनीचा अहवाल चार-पाचशे पानांचा असतो. त्यास भिऊन जाऊ नये. त्याचे मुख्य भाग पाच. पहिला संचालकांचे निवेदन, दुसरा नफातोटा पत्रक, तिसरा ताळेबंद, चौथा रोख रकमेच्या आवक-जावकीचे पत्रक आणि पाचवा हिशेबतपासनीसांचा अभिप्राय. पूर्वी येथेच यादी संपली असती. आता आणखी एक भाग सक्तीने आला आहे. सेबी या नियामक मंडळाने मे २०२१ मध्ये परिपत्रक काढून, २०२२-२३ या वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या १ हजार कंपन्यांना व्यवसायाची जबाबदारी व टिकाऊपणा यांविषयी अहवाल देणे बंधनकारक केले. कारखान्याने किती कोळसा जाळला, किती पाणी उपसले, किती टाकाऊ माल बाहेर टाकला, किती कामगार जखमी झाले, हे त्यात आकड्यांनिशी सांगावे लागते.

सुज्ञ वाचकाने पहिला भाग सर्वांत शेवटी वाचावा. संचालकांच्या निवेदनात खोटे असते असे नव्हे, परंतु वरपित्याने स्वतःच्या मुलाचे केलेले वर्णन आणि शाळेचे प्रगतिपुस्तक यांत जो भेद असतो तो येथेही असतो. आधी प्रगतिपुस्तक पाहावे.

एका वर्षावर विसंबू नये

टाटा स्टीलचे, देशातील व परदेशांतील सर्व उपकंपन्या धरून, चार वर्षांचे एकत्रित आकडे असे आहेत. मार्चअखेर वर्ष संपते.

२०२१-२२ : उलाढाल २,४३,९५९ कोटी रुपये, निव्वळ नफा ४१,७४९ कोटी.
२०२२-२३ : उलाढाल २,४३,३५३ कोटी, निव्वळ नफा ८,०७५ कोटी.
२०२३-२४ : उलाढाल २,२९,१७१ कोटी, निव्वळ तोटा ४,९१० कोटी.
२०२४-२५ : उलाढाल २,१८,५४३ कोटी, निव्वळ नफा ३,१७४ कोटी.

पहिल्या दोन ओळी पुन्हा पाहा. उलाढाल जवळजवळ तेवढीच, पण नफा पाचाचा एक झाला. हे कसे घडले? पोलादाचा भाव कारखानदार ठरवीत नाही, जगाचा बाजार ठरवितो. कोक बनविण्याचा कोळसा बव्हंशी परदेशांतून येतो, त्याचाही भाव बाजारच ठरवितो. करोनाच्या साथीनंतर पोलादाचे भाव चढले होते, त्याचा लाभ २०२१-२२ मध्ये मिळाला. पुढील वर्षी युक्रेनच्या युद्धाने कोळसा महागला, मे ते नोव्हेंबर २०२२ या काळात भारत सरकारने पोलादाच्या निर्यातीवर कर बसविला आणि युरोपातील मागणी मंदावली. यंत्रे तीच आणि माणसेही तीच होती. दोन भावांमधील अंतर तेवढे आखडले.

यावरून धडा असा की, ज्या धंद्याचा भाव दुसऱ्याच्या हाती आहे त्या धंद्यातील एका उत्तम वर्षाला त्याचा नित्याचा स्वभाव समजू नये. त्याचप्रमाणे एका वाईट वर्षावरून त्याचा अंतही समजू नये. निदान पाच वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहून काढावेत. प्रत्येक अहवालात मागील वर्षाचा आकडा शेजारी छापलेला असतोच, त्यामुळे तीन अहवाल हाती असले तरी चार वर्षांचे काम भागते.

नफा कोठे गेला

आता २०२४-२५ हे एकच वर्ष घेऊन वरून खाली उतरू. व्याज, घसारा व कर यांपूर्वी कंपनीच्या हाती सुमारे २५,८०० कोटी उरले. एवढ्यावरून कोणासही वाटेल की कंपनी मालामाल आहे. परंतु यंत्रे झिजतात. त्या झिजेपोटी, म्हणजे घसाऱ्यापोटी, सुमारे १०,४०० कोटी बाजूला पडले. कर्जाचे व्याज व तत्सम खर्च सुमारे ७,३०० कोटी. इतर लहानसहान जमा-नावे धरून करापूर्वी ८ हजार कोटींहून थोडे अधिक उरले. त्यातून ५ हजार कोटींहून अधिक कर गेला आणि तळाशी ३,१७४ कोटी राहिले.

इतका कर कसा, असा प्रश्न चाणाक्ष वाचक विचारील. भारतातील कंपनीला भारतात झालेल्या नफ्यावर येथे कर भरावा लागतो. ब्रिटनमधील उपकंपनीस झालेला तोटा त्यातून वजा करता येत नाही. एकत्रित पत्रकात मात्र दोन्ही एकत्र येतात. म्हणजे एका भावाने कमावले, त्यावर कर भरला आणि दुसऱ्या भावाची तूट घरात आली, असे हे एकत्र कुटुंब आहे. म्हणूनच अहवालात दोन प्रकारची पत्रके असतात, एक मूळ कंपनीचे स्वतंत्र व दुसरे सर्व परिवाराचे एकत्रित. दोन्ही पाहिल्यावाचून मत बनवू नये.

लाभांशाचा आकडा काय सांगत नाही

येथे आपल्या घरांचा प्रश्न येतो. समजा, एखाद्या आजींच्या नावे १० रुपये दर्शनी किमतीचे १०० भाग होते. २०२१-२२ साठी कंपनीने प्रत्येक भागास ५१ रुपये लाभांश दिला, आजींना ५,१०० रुपये मिळाले. जुलै २०२२ मध्ये एका भागाचे दहा भाग झाले, म्हणजे १ रुपया दर्शनी किमतीचे १ हजार भाग आजींकडे आले. त्यानंतरच्या तीनही वर्षांसाठी लाभांश भागास ३ रुपये ६० पैसे असा राहिला, म्हणजे वर्षास ३,६०० रुपये.

आता मागील कोष्टक आठवा. त्या तीन वर्षांत एका वर्षी ८,०७५ कोटी नफा, एका वर्षी ४,९१० कोटी तोटा आणि एका वर्षी ३,१७४ कोटी नफा झाला. आजींच्या हाती मात्र दर वर्षी ३,६०० रुपयेच आले. केवळ लाभांशावर दृष्टी ठेवणाऱ्यास मधल्या वर्षी काही घडले याची वार्ताही लागली नसती.

तोट्याच्या वर्षी लाभांश कोठून आला? भागांची संख्या सुमारे १,२४८ कोटी असल्याने ३ रुपये ६० पैशांप्रमाणे ही रक्कम ४,४९० कोटींच्या घरात जाते. लाभांश हा कायद्याने मूळ कंपनीच्या स्वतंत्र हिशेबातून दिला जातो. तेथे त्या वर्षी नफा होता, म्हणून तो देता आला. यात गैर काही नाही. परंतु सर्व परिवाराचे खाते पाहिल्यास दोन वर्षे लागोपाठ कमाईहून वाटप अधिक झाले, हेही तितकेच खरे. ज्या घराचा खर्च लाभांशावर चालतो त्या घराने एवढे जाणून असावे की लाभांश हे निवृत्तिवेतन नव्हे. संचालकांनी सुचविला व सभेने संमत केला तर मिळणारा तो नफ्यातील वाटा आहे. म्हणून औषधपाणी, शाळेचे शुल्क असे न टळणारे खर्च एकाच कंपनीच्या लाभांशावर टांगून ठेवू नयेत. कंपनीचे नाव थोर असले तरीही हा नियम मोडू नये.

ताळेबंद आणि कर्ज

नफातोटा पत्रक म्हणजे वर्षभराची कथा आणि ताळेबंद म्हणजे वर्षअखेरीस घेतलेले छायाचित्र. त्यात प्रथम कर्ज पाहावे. हाती असलेली रोकड वजा जाता, मार्च २०२५ अखेर टाटा स्टीलच्या परिवाराचे कर्ज ८२ हजार कोटींहून थोडे अधिक होते. हा आकडा ऐकून छाती दडपते, परंतु कर्ज तीन कसोट्यांवर जोखावे. व्याज सहज फिटते काय, ही पहिली. वरील आकड्यांत घसारा वजा जाता उरलेली कमाई व्याजाच्या दुपटीहून थोडी अधिक आहे. म्हणजे फिटते, पण फार ऐसपैस नाही. मागील वर्षापेक्षा कर्ज वाढले की घटले, ही दुसरी. ते वाढले आहे. काढलेला पैसा कशात गेला, ही तिसरी. त्या वर्षी कंपनीने नव्या यंत्रसामग्रीवर १५ हजार कोटींहून अधिक खर्च केले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ओडिशातील कलिंगनगर येथे नवी अजस्र झोतभट्टी पेटविली. घर बांधण्यास काढलेले कर्ज आणि जेवणावळीस काढलेले कर्ज यांत भेद आहे, तोच येथे करावयाचा.

कर्जाने थोर कंपनीही कशी टेकीस येते, याचा दाखला याच कारखान्याच्या इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धानंतर विस्तारासाठी पैसा ओतला गेला, भाव कोसळले आणि १९२४ मध्ये पगार देण्यास पैसा राहिला नाही. तेव्हा दोराबजी टाटांनी आपली खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली, तीत पत्नी मेहेरबाई यांचा प्रसिद्ध ज्युबिली हिराही होता. त्यावर १ कोटीचे कर्ज मिळाले आणि कारखाना वाचला. पुढे दोराबजींची संपत्ती धर्मादाय न्यासास गेली आणि त्या न्यासाच्या पैशातून १९४१ मध्ये मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. आजही टाटा सन्स या मुख्य कंपनीचे सुमारे दोन तृतीयांश भाग धर्मादाय न्यासांकडे आहेत. कारखान्याचा ताळेबंद आणि रुग्णालयातील खाट यांमधला धागा असा सरळ आहे.

हिशेबतपासनीसांचा अभिप्राय

हे पान कोणी वाचत नाही, म्हणून ते अवश्य वाचावे. तपासनीसांनी हिशेब निःशंकपणे मान्य केला आहे, की 'अमुक एक गोष्ट वगळता' असे म्हटले आहे, एवढेच पाहावयाचे. 'वगळता' हा शब्द आला की थांबावे व कारण वाचावे.

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे प्रकरण आपल्यापैकी अनेकांस आठवत असेल. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखविलेल्या रोकड व बँकशिल्लकीपैकी सुमारे ५ हजार कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. तपासनीस होते, संचालक होते, पारितोषिकेही होती. तेव्हा सही-शिक्का असला की सारे निर्धास्त, असेही नाही. येथे रोख रकमेचे पत्रक उपयोगी पडते. नफा दरसाल वाढतो, पण हाती येणारी रोकड वाढत नाही, किंवा भरपूर रोकड असूनही तीवरील व्याज अल्प दिसते, अशा जागी शंका घ्यावी. शंका घेण्यास पदवी लागत नाही. घरखर्चाची वही ठेवणारी प्रत्येक गृहिणी हे काम जाणते.

निसर्गाचे खाते

आता नव्या भागाकडे वळू. धूर, पाणी व जमीन यांचा हिशेब व्यापाऱ्याने ठेवावा, ही कल्पना पूर्वी हास्यास्पद वाटली असती. परंतु ज्या नदीचे पाणी कारखाना फुकट घेतो ती नदी कोणाची तरी असते, आणि धूर ज्यांच्या छातीत जातो त्यांच्या औषधाचा खर्च कंपनीच्या वहीत पडत नसला तरी कोठे तरी पडतोच. हे खाते म्हणजे त्या न लिहिलेल्या खर्चाची नोंद होय.

पोलादाच्या बाबतीत मुख्य प्रश्न कर्बवायूचा आहे. लोहखनिजात लोखंड प्राणवायूशी बांधलेले असते. तो प्राणवायू काढून घेण्यास झोतभट्टीत कोक, म्हणजे भाजलेला कोळसा, घालतात. कोळशातील कर्ब प्राणवायूस घेऊन वायुरूपाने निघून जातो व लोखंड मोकळे होते. म्हणजे कर्बवायू हा येथे केवळ इंधनाचा धूर नव्हे, तो त्या रसायनक्रियेचाच भाग आहे. जगात सरासरीने एक टन पोलादामागे सुमारे १.९ टन आणि भारतात सुमारे २.५ टन कर्बवायू निघतो. भारत सरकारच्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली. टनामागे २.२ टनांहून कमी कर्बवायू असेल तरच ते पोलाद हरित, आणि १.६ टनांहून कमी असेल तर सर्वोच्च श्रेणीचे. टाटा स्टीलने २०४५ पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ध्येय जाहीर केले आहे. देशाचे ध्येय २०७० चे आहे.

या खात्यात वाचकाने दोन जागी सावध राहावे. पहिली जागा दर आणि एकूण यांची. समजा, एक कारखाना वर्षास १०० टन पोलाद करतो व टनामागे २.४ टन कर्बवायू सोडतो. एकूण झाले २४० टन. पाच वर्षांनी त्याने दर २.२ वर आणला, पण उत्पादन १५० टनांवर नेले. एकूण झाले ३३० टन. अहवालात 'दरात आठ टक्के घट' असे ठळक छापलेले असेल आणि तेही खरेच आहे, पण आकाशात गेलेला वायू वाढला. म्हणून दोन्ही आकडे शोधावेत. दुसरी जागा, मोजले काय आणि वगळले काय ही होय. स्वतःच्या भट्टीतून निघालेला वायू, विकत घेतलेल्या विजेपोटी दुसरीकडे निघालेला वायू, आणि खाणीपासून वाहतुकीपर्यंतच्या साखळीत निघालेला वायू, असे तीन हिशेब असतात. तिसरा मोजणे कठीण, म्हणून तो बहुधा अपुरा असतो.

हे सारे परोपकाराचे आकडे आहेत असे मात्र कोणी समजू नये. युरोपीय संघाने १ ऑक्टोबर २०२३ पासून आयात होणाऱ्या पोलादाबरोबर कर्बवायूची माहिती मागण्यास आरंभ केला आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यावर आकारणीचा टप्पा सुरू झाला. म्हणजे निसर्गाच्या खात्यातील आकडा उद्या नफातोटा पत्रकात उतरणार आहे. दोन खाती वेगवेगळ्या पानांवर असली तरी वही एकच आहे.

याच भागात कामगारांचीही पाने आहेत. जमशेदपुरात १९१२ पासून आठ तासांचा दिवस होता, तो देशात कायद्याने येण्यास १९४८ उजाडले. आज अहवालात अपघातांचे प्रमाण दर १० लक्ष कामाच्या तासांमागे दिलेले असते. त्यात कायम कामगार व कंत्राटी कामगार यांचे आकडे वेगळे पाहावेत आणि मृत्यूंची संख्या स्वतंत्रपणे पाहावी. प्रमाण कितीही सुधारले तरी ही संख्या शून्य नसेल, तर त्या वर्षास उत्तम म्हणण्यापूर्वी वाचकाने क्षणभर थांबावे.

दोन खाती एकमेकांस भिडतात तेव्हा

वेल्समधील पोर्ट टालबट येथील कारखाना टाटा स्टीलकडे २००७ मध्ये कोरस कंपनीच्या खरेदीतून आला. तेथील झोतभट्ट्या जुन्या झाल्या होत्या व तोटा थांबत नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये त्या बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, त्यात २,८०० पर्यंत नोकऱ्या जातील असे सांगण्यात आले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी शेवटची भट्टी विझली. तिच्या जागी भंगार वितळवून पोलाद करणारी विजेची भट्टी येत आहे. खर्च १२५ कोटी पौंड, त्यांपैकी ५० कोटी ब्रिटिश सरकारचे. तिच्या बांधकामास जुलै २०२५ मध्ये प्रारंभ झाला. तेथील कर्बवायू सुमारे ९० टक्क्यांनी घटेल असा कंपनीचा अंदाज आहे.

आता निवाडा करावयाचा झाल्यास कोणते खाते पाहावे? भागधारकाच्या खात्यात तोटा थांबेल आणि आकाशाच्या खात्यात मोठी शिल्लक पडेल. पण ज्या गावाचा संसार पिढ्यान्‌पिढ्या त्या भट्टीवर चालला, त्या गावाच्या खात्यात काय पडले? आणि त्याच महिन्यात कलिंगनगरास नवी कोळशाची झोतभट्टी पेटली, तेथील रोजगार व तेथील धूर कोणत्या बाजूस लिहावा? आपल्या बिर्लानगरच्या गिरण्यांचे भोंगे ज्यांनी ऐकले आणि पुढे ते थांबल्यावर त्या वस्तीत काय झाले हे ज्यांनी पाहिले, त्यांस या प्रश्नाचे वजन सांगावयास नको. अहवाल याचे उत्तर देत नाही. निवृत्त होणाऱ्यांस काय मिळाले, किती जणांस दुसरे काम शिकविले, हे प्रश्न विचारण्याचा आधार तेवढा तो देतो. भागधारकाच्या सभेत हे विचारण्याचा अधिकार एका भागाच्या मालकासही असतो.

आपल्या घरासाठी व संस्थेसाठी

या पाठातून काही कामाच्या गोष्टी निघतात. घरात जुने भाग असल्यास त्यांची यादी करावी आणि वारसनोंद आहे की नाही ते पाहावे. कागदी भागपत्रांचे नेहमीचे हस्तांतर १ एप्रिल २०१९ पासून बंद झाले आहे, म्हणून ते भाग खात्यात नोंदवून घ्यावेत. सात वर्षे लाभांश घेतला नाही तर ती रक्कम, आणि सलग सात वर्षे न घेतल्यास ते भागही, सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. ते परत मागता येतात, पण खेटे घालावे लागतात. पत्ता बदलला, खाते बदलले, आजोबा गेले आणि कोणी कळविले नाही, एवढ्यावरून ही गोष्ट घडते.

संस्थेच्या बाबतीत दोन गोष्टी. धर्मादाय न्यासांनी आपला निधी कंपन्यांच्या भागांत घालण्यावर आयकराच्या कायद्याची बंधने आहेत, म्हणून 'अमुक कंपनी चांगली, तीत निधी घाला' असा आग्रह विश्वस्तांस करू नये. परंतु कंपन्यांकडून कार्यासाठी निधी मागता येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १ हजार कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. त्यासाठी कार्य करणाऱ्या संस्थेची आवश्यक ती सरकारी नोंदणी असावी लागते. ही रक्कमही नफ्याच्या सरासरीवर चालते, हे ध्यानात ठेवावे. कंपनीची चांगली वर्षे गेली की तीन वर्षांत निधीही आटतो. अशा पैशातून एकवेळचे बांधकाम किंवा साहित्य घ्यावे. विद्यार्थ्यांच्या दरवर्षीच्या शिष्यवृत्त्या त्यावर अवलंबून ठेवू नयेत.

आणि अखेरीस, जी दृष्टी आपण कारखान्याकडे लावली तीच स्वतःच्या संस्थेकडे लावावी. वार्षिक सभेत आपल्या न्यासाचा ताळेबंद वाटला जातो, तेव्हा पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडून पाहावेत. कायम निधी वाढला की खर्ची पडला? इमारतीच्या झिजेसाठी काही बाजूला पडते काय? विजेचे देयक व बोअरच्या पाण्याचा उपसा दर वर्षी किती? तपासनीसांनी 'वगळता' असे काही लिहिले आहे काय? हे प्रश्न अविश्वासाचे नव्हेत. ज्या संस्थेचे सभासद हिशेब वाचतात तिच्या विश्वस्तांचे काम सोपे होते, कारण त्यांच्या चांगल्या निर्णयाची पारख करणारे आणि चुकीच्या निर्णयाआधी हटकणारे कोणी तरी असते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भाग आणि कर्जरोखा यांत भेद काय? महाराजांनी घेतले ते काय व ८ हजार लोकांनी घेतले ते काय?
२. उलाढाल तीच राहून नफा कसा घटू शकतो, हे टाटा स्टीलच्या दोन वर्षांवरून सांगा.
३. तोट्याच्या वर्षी लाभांश कोठून दिला गेला?
४. एक कारखाना टनामागील कर्बवायू २.५ वरून २.० वर आणतो व उत्पादन १०० टनांवरून १३० टनांवर नेतो. एकूण कर्बवायू वाढला की घटला?
५. आपल्या घरातील कोणत्याही एका कंपनीचा अहवाल घेऊन हिशेबतपासनीसांचा अभिप्राय शोधा आणि त्यात 'वगळता' असे काही आहे काय ते घरातील वडीलधाऱ्यांस वाचून दाखवा.